होम पार्टिशन न पुसता मिंटवरून डेबियनवर

फोंड्याच्या माझ्या आतेभावाला मिंट काढून डेबियन हवं होतं; दोन्ही लिनक्सचेच प्रकार. पण त्याच लॅपटॉपवर चवथीच्या भजनांची रेकॉर्डिंगं आणि गावच्या नाटकाची संहिता, म्हणून दोन महिने चालढकल. डिस्कची वाटणी नव्याने करायची गरजच नव्हती, कारण त्याचं होम, म्हणजे स्वतःच्या फाइलींचा फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) होतं.

आधी तेच तपासा. टर्मिनलमध्ये आकारांसाठी नुसतं ‘एलएसबीएलके’ (lsblk) द्या, मग पुढे ‘-एफ’ (-f) जोडून पुन्हा द्या. रूट (जिथे सिस्टम असते), होम आणि छोटं फॅट३२ असलेलं ईएफआय (जिथून लॅपटॉप सुरू होतो), प्रत्येकाचं नाव आणि आकार कागदावर उतरवा. होम वेगळं नसेल, तर सगळं बाहेरच्या डिस्कवर न्या आणि नंतर परत आणा. वेगळं असलं तरी बॅकअप घ्याच. चार्जर लावूनच बसा, आमच्याकडे पावसात लाईटचा काय भरवसा!

मग ‘आयडी’ (id) ही आज्ञा देऊन आपला वापरकर्ता क्रमांक पाहा, फाइलींची मालकी त्यावरच ठरते. मिंटमध्ये पहिल्या वापरकर्त्याचा बहुधा १००० असतो, डेबियनमध्येही तोच. फायरफॉक्सचे बुकमार्क फाइलमध्ये काढून ठेवा. डेबियनचा फायरफॉक्स मिंटपेक्षा जुना असतो आणि नव्या आवृत्तीचं प्रोफाइल जुनी उघडत नाही.

पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करून मॅन्युअल पार्टिशनिंग निवडा. (२०२३ च्या डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, ती कटकट संपली.) रूटला फॉरमॅट ‘हो’. होमला माउंट पॉइंट, म्हणजे जोडायची जागा ‘/home’, द्यायचा, पण फॉरमॅट ‘नाही’. ईएफआयलाही ‘नाही’. शेजारी दुसरं लिनक्स असेल तर सामाईक स्वॅपही (मेमरी अपुरी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) फॉरमॅट करू नका. त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला की ते दुसरं लिनक्स सुरू होताना दीड मिनिट जुना स्वॅप शोधत बसतं.

शेवटी इन्स्टॉलर बदलांची यादी दाखवून विचारतो, डिस्कवर लिहू का? इथे घाई नको. फॉरमॅट होणाऱ्यांत होमचं नाव दिसतंय का, ते कागद समोर धरून वाचा. मी एकदा न वाचता ‘हो’ म्हटलं होतं आणि तीन वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून ही यादी मी मोठ्याने वाचतो. आतेभाऊ हसला, हसू दे.

वापरकर्त्याचं नाव जुनंच द्या, म्हणजे जुना फोल्डर सापडेल. क्रमांक जुळला नाही, तर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन त्या फोल्डरची मालकी ‘चाउन’ (chown) या आज्ञेने बदला. पडदा विचित्र दिसला, तर होममधल्या ‘.कॉन्फिग’ (.config) या सेटिंग्जच्या लपलेल्या फोल्डरचं नाव बदलून पुन्हा लॉगिन करा.

फ्रीबीएसडीवर (ही लिनक्स नसलेली वेगळी सिस्टम) जायचं असेल तर थोडं वेगळं. पार्टिशनच्या सीमा तशाच राहू शकतात, पण रूटचा प्रकार बदलून त्यावर यूएफएस किंवा झेडएफएस ही तिथली फाइल सिस्टम बनवावी लागते. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम) चं होम तिथे वाचता-लिहिता येतं, मात्र जर्नलिंगशिवाय, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद न ठेवता. आणि पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक तिथे १००१ असतो, तेव्हा खातं उघडतानाच १००० द्या.