जुना ऑनलाइन गेम परत सुरू करायचाय? आधी जुनं अकाउंट उघडा

पैसे भरण्याआधी जुनं अकाउंट उघडा. बाकी यादी नंतर. गेल्या मे महिन्यात मी हे केलं नाही आणि साडेचार हजार रुपये फुकट गेले, म्हणून लिहायला बसलोय.

झालं असं. कॉलेजात असताना जळगावला रूमवर तीन वर्षं एकच गेम खेळलो. नोकरी लागली, भुसावळला आलो, गेम सुटला. आठ वर्षांनी जुन्या रूममेटचा फोन आला, नवं एक्सपान्शन (गेमचा वेगळा विकत घ्यायचा पुढचा भाग) आलंय, ये परत. त्याच रात्री बसलो. पासवर्ड आठवेना. रीसेटचा ओटीपी जुन्या नंबरवर जाणार आणि तो नंबर माझ्याकडे नाही. रूममेट तिकडे वाट बघतोय म्हणून नव्या ईमेलवर नवं अकाउंट काढलं आणि त्यावरच एक्सपान्शन घेतलं. पंधरा दिवसांनी ओळखपत्र पाठवून जुनं अकाउंट परत मिळालं. माझं कॅरेक्टर म्हणजे हंटर, त्याचा पांढरा लांडगा, गिल्ड (सोबत खेळणाऱ्यांचा गट), जुनी एक्सपान्शनं, सगळं जिथल्या तिथे. नवं एक्सपान्शन मात्र दुसऱ्या अकाउंटवर, आणि ते इकडे हलवता येत नाही. पुन्हा पैसे भरले.

मधल्या दिवसांत त्या जुन्या नंबरवर फोन लावून पाहिला होता. चोपड्याकडचे एक काका बोलले, "हाऊ नंबर आते मना शे, भाऊ." म्हणजे नंबर आता त्यांचा. मागे केळीची गाडी भरत असल्याचा आवाज येत होता. प्रीपेड सिम सलग 90 दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. ईमेलही असाच हातचा जातो. डिसेंबर 2023 पासून गूगल दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकतं. म्हणून गेम खेळायचा विचार नसला तरी जुन्या ईमेलमध्ये एकदा लॉगिन करून ठेवा. लॉगिनचा कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जुन्या फोनवर असेल तर तो फोन विकू नका. अकाउंट परत मिळवायला गेम कंपनीच्या सपोर्टला लिहिताना खरेदीच्या जुन्या पावत्या, कॅरेक्टरचं नाव, सर्व्हरचं नाव जवळ ठेवा. उत्तर यायला दिवस लागतात. लागू द्या. तोवर पाकीट बाहेर काढू नका.

अकाउंट उघडलं? मग त्यात आधीपासून काय आहे ते बघा, कारण प्रत्येक गेमचा हिशोब वेगळा आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 चा. त्यात 2018 पासून जुनी एक्सपान्शनं मासिक सबस्क्रिप्शनमध्येच मिळतात, वेगळं घ्यावं लागतं ते फक्त सगळ्यात नवं. सबस्क्रिप्शन अमेरिकेतल्या दराने महिन्याला 14.99 डॉलर. लेव्हल 20 पर्यंत फुकट खेळता येतं, तेव्हा मन खरंच रमतंय का हे आधी तिथे तपासा. अकाउंट कोणत्या रीजनचं आहे तेही बघा, युरोपसाठी घेतलेला गेम अमेरिकेच्या सर्व्हरवर चालत नाही. फायनल फँटसी 14 मध्ये गेम स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) घेतला असेल तर एक्सपान्शनही स्टीमवरूनच घ्यावं लागतं. तिथे फ्री ट्रायलवर असाल तर घाईने पैसे भरू नका, एकदा पेड झालं की त्या अकाउंटवर ट्रायल परत मिळत नाही. गिल्ड वॉर्स 2 ला सबस्क्रिप्शन नाही, मूळ गेम 2015 पासून फुकट आहे. पण लिव्हिंग वर्ल्ड या गोष्टीचे भाग चालू असताना ज्यांनी लॉगिन केलं त्यांनाच ते फुकट मिळाले. आपण गायब होतो, त्यामुळे ते जेम्स (गेममधलं चलन) देऊन घ्यावे लागतात. आणि हे सगळं कुठे दिसतं? जुन्या अकाउंटच्या पानावर. नव्या कोऱ्या अकाउंटवर बसून काहीच कळत नाही.

आता कार्ड. आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करा, ते बहुधा बंद असतात. डॉलरमध्ये पैसे गेले तर बहुतेक बँका 2 ते 3.5 टक्के वरून घेतात आणि त्या रकमेवर पुन्हा जीएसटी. स्टीमवर रुपयांत भाव असतो आणि यूपीआय चालतं, तिथे मिळत असेल तर तिथूनच घ्या. पण, पुन्हा सांगतो, जुनं अकाउंट स्टीमचं नसेल तर स्टीमवरची खरेदी त्याला लागेलच असं नाही. आधी अकाउंट. ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमांमुळे दर महिन्याचं ऑटो-डेबिट परदेशी कंपन्यांकडे बऱ्याचदा अडकतं, म्हणून एकेक महिना हाताने भरलेला बरा.

मग डाउनलोड. जुना मोठा गेम आज शंभर जीबीच्या आसपास जातो, रोजच्या दोन जीबीच्या मोबाइल डेटावर ते होणार नाही. घरी फायबर नसेल तर मित्राकडे लॅपटॉप नेऊन रात्रभर लावा. गेम जुन्या, हळू हार्ड डिस्कवर टाकू नका, एसएसडी (वेगवान डिस्क) नसेल तर त्याचेही पैसे खर्चात धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. लॅपटॉपचा पंखा आधी साफ करून घ्या, दुपारी खेळू नका. माझा डाउनलोड दोनदा लाइट गेल्याने थांबला, दोन्ही वेळा राउटर इन्व्हर्टरवर नव्हता.

जुने अ‍ॅडऑन (गेमला जोडलेले बाहेरचे छोटे प्रोग्राम) काढून टाका. कोणत्या बटणाने काय होतं ते नव्याने लावा. गिल्डमध्ये कोण उरलंय ते विचारा, कुणीच नसेल तर महिना वाया जातो. ऑटो-रिन्यूअल चालू राहिलं असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा, भरलेला महिना पुरा होईपर्यंत गेम चालूच राहतो.