बोटीच्या डेकवर पाय घसरू नये म्हणून फोम, रेती लावताना या चुका टाळा

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात पाऊस ओसरायला लागला की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या फायबरच्या बोटींचं काम एकदम अंगावर येतं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोणालाही थांबायचं नसतं. पर्यटनाच्या बोटवाल्यांचंही तेच. इंजिन होतं, छप्पर होतं, बाजूचं नाव रंगवून होतं, आणि डेक शेवटी राहतो. मग दोन दिवस हातात ठेवून निरोप येतो की पाय घसरू नये असं काहीतरी लावून द्या.

दोन दिवसांत होतं ते फक्त चिकटवणं. ते टिकायचं असेल तर त्याआधीची धुणी-पुसणी व्हायला हवी, आणि घाईत तीच वगळली जाते.

नव्या डेकवरचं मेण न काढणं

ही चूक मी सर्वांत जास्त बघतो, आणि हिच्यामुळे माणसं पडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

फायबरची बोट साच्यात बनते. माल साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आधी मेण लावतात. बोट बाहेर काढली की त्यातलं थोडं मेण जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, राहतं. डोळ्याला दिसत नाही, उलट डेक मस्त चकचकीत दिसतो. त्या चकाकीवर पाठीला गोंद असलेला ईव्हीए फोम (रबरासारखा मऊ शीट) दाबून बसवला, तर पहिल्या दिवशी तो अगदी घट्ट बसल्यासारखा वाटतो. मग ऊन, खारं पाणी, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे पाय यांनी कडेपासून सुटायला लागतो.

देवबागच्या एका बोटवाल्याने नवी कोरी बोट आणली आणि मुलांना हाताशी धरून एका संध्याकाळी सगळा फोम स्वतःच लावला. माल चांगला होता, महागाचा होता. सीझन सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, शिडीजवळचा कोपरा उचलला गेला. पाण्यातून वर येणाऱ्या एका बाईंच्या पायाचं बोट त्या उचललेल्या कडेखाली अडकलं आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा फुटला आणि सहलीची वाट लागली. मला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "मेस्त्री, फोमच खराब निघालो. दुसरो गोंद लावून देवा, उद्या गिऱ्हाईक आसा."

मी सुटलेला तुकडा उलटा करून त्याला दाखवला. सगळा गोंद फोमच्या पाठीला जसाच्या तसा, आणि खाली डेक आरशासारखा स्वच्छ. गोंद आणि फोम यांचं भांडणच नव्हतं. गोंदाने डेकला धरलंच नव्हतं. दुसरा गोंद लावूनही तेच झालं असतं.

फोम सुटला तर आधी हेच बघा. गोंद फोमला राहिला असेल तर दोष डेकच्या तयारीत आहे. गोंद डेकला राहिला आणि फोमची पाठ कोरी निघाली, तर गोंद त्या फोमचा नाही किंवा डिझेल-पेट्रोल मुरून तो मऊ पडला आहे. दोन्हीकडे थोडा थोडा असेल, तर बहुधा नीट दाबलं नाही किंवा सुकायच्या आत बोट पाण्यात घातली.

माझी पद्धत अशी: आधी साबणाचं पाणी आणि ब्रश. मग ॲसिटोनची दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं. ओल्याने मेण सुटतं, कोरड्याने ते सुकायच्या आत उचलायचं. एकाच फडक्याने घासत बसलात तर मेण फक्त इकडचं तिकडे जातं. हातभर जागा झाली की फडकं पालटायचं. मग गोड्या पाण्याचा हबका मारायचा. पाणी सलग पसरलं तर मेण गेलं. थेंब होऊन उभं राहिलं तर परत फडकी घ्यायची. पाणी सलग पसरेपर्यंत पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. मेण असताना घासलं की ते ओरखड्यांत भरतं आणि मग कशानेच निघत नाही. पाणी पसरलं की डेक पूर्ण सुकू द्यायचा, ८० नंबरच्या पेपरने घासून चकाकी घालवायची, धूळ पुसायची, आणि मगच फोमच्या पाठीचा कागद सोलायचा. लावून झालं की रोलरने मधून कडेकडे दाबायचं आणि निदान दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. "आजच लावा, उद्या पाण्यात घालू" म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

फोमचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलतो. पाणी वाहून जायच्या भोकांपाशी, दोर बांधायच्या खुंट्यापाशी आणि झाकणांच्या बिजागऱ्यांपाशी बोटभर जागा मोकळी ठेवा.

किनाऱ्यावरची वाळू रंगात मिसळणं

समोर एवढी वाळू पडली आहे, विकत कशाला आणायची, असं म्हणणारा एक तरी दरवर्षी भेटतो. त्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ रंगाखालीसुद्धा ओल ओढून घेतं, मग फोड येतात आणि पापुद्रे निघतात. शिवाय लाटांनी घोळून दाणे गोलसर झालेले असतात, त्यांना धारच नसते.

आपल्याच जिल्ह्यात कासार्डेला सिलिका वाळू निघते. धुतलेली, सुकवलेली, एकसारख्या दाण्याची सिलिका पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडेही मिळते. ती वापरा. डब्यात ढवळून लावू नका. वाळू तळाला बसते आणि रोलरच्या पहिल्या हातात रेव, शेवटच्या हातात नुसता रंग येतो. मी मास्किंग टेप लावून रंगाचा एक हात देतो आणि तो ओला असतानाच चहाच्या मोठ्या गाळणीने वाळू पेरतो, रंग दिसेनासा होईपर्यंत. हात आखडता घेतला की डेकवर टक्कल पडतं. रंग कडक झाला की न चिकटलेली वाळू झाडून काढायची आणि वरून एक हात द्यायचा. या शेवटच्या हाताची टेप रंग ओला असतानाच सोडवा, नाहीतर कडा फाटते.

खालचा हात इपॉक्सीचा (हार्डनर मिसळून लावायच्या रंगाचा) चालतो, वरचा मात्र पॉलियुरेथेन रंगाचाच हवा. इपॉक्सी उन्हात पांढरट पडून भुकटी सोडतो. पॉलियुरेथेनला दमट हवा सोसत नाही, बुडबुडे धरतात. ऑगस्टमध्ये आपल्याकडे सकाळी सगळंच दमट असतं. उघडीप बघून, डेक उन्हाने कोरडा झाल्यावर सुरू करा आणि संध्याकाळचं दव पडायच्या पुष्कळ आधी थांबा.

"हार्डनर जास्त टाक, लवकर सुकेल"

इपॉक्सीत नाही सुकणार. डब्यावर लिहिलेलं प्रमाण सोडलं की तो कायमचा चिकट राहतो. फायबरच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर वाढवला की ते लवकर सुकतं, ती सवय इपॉक्सीला लावू नका.

सगळ्या डेकला एकच जाडी

आपल्याकडे बोटीवर चप्पल काढून चढतात, त्यामुळे पकड हवी ती ओल्या अनवाणी पायाची. म्हणून कोणी सगळीकडे जाड रेव मारतो. मग त्याच डेकवर गुडघे टेकून नांगर ओढणाऱ्या खलाशाचे गुडघे सोलतात, बसलेल्या पोरांच्या मांड्या खरचटतात, आणि सहा महिन्यांत त्यावर गोणपाट अंथरलेलं दिसतं. सुटं गोणपाट ओल्या फायबरवर माणसासकट सरकतं. जाड दाणा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) आणि चढायच्या जागी ठेवा. बसायच्या, गुडघे टेकायच्या जागी बारीक दाणा किंवा फोम लावा. कुठे काय हे ठरवण्याआधी ज्या खलाशांना त्या डेकवर दिवस काढायचा आहे त्यांना विचारा. मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

काळा किंवा गडद निळा फोम

फोटोत छान दिसतो. दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा आणि मग घ्या. फिकट राखाडी किंवा वाळूचा रंग पायाला सोसतो.

मच्छीच्या बोटीवर फोम

नको. सुरी, गळ, बर्फाचे क्रेट आणि माशाचं तेल यांपुढे तो टिकत नाही. तिथे रेतीचा रंगच.

हिरवं प्लास्टिकचं गवत

स्वस्त आहे म्हणून सगळे टाकतात. खाली पाणी आणि मीठ साचून राहतं, वास येतो. लाकडी बोटीवर तर टाकूच नका. पावसाचं गोडं पाणी खाली अडकलं की फळी कुजते, आणि वरून कळत नाही.

धुताना

फोमला प्रेशरचं पाणी कडेवर जवळून मारलं की तो सोलून निघतो. नोझल लांब धरा. रेतीच्या डेकला कडक ब्रश आणि साबण पुरेसा आहे, पण दर आठवड्याला. दाण्यांच्या मधल्या खाचांत खवल्यांची चिकटी आणि शेवाळ भरलं की उत्तम काम केलेला डेकही घसरतो, आणि मालक मला फोन करून रेती झिजली म्हणून सांगतो. आधी एक कोपरा घासून बघा. दाणा हाताला लागला तर नवीन काम काढायची गरज नाही.