हसद, गीबत, कीना: दिल साफ करायला बसाल तेव्हा

दिल साफ करायचं ठरवलं असेल तर पहिल्यांदा एकच ऐब, म्हणजे मनाचा एकच दोष, निवडा. सगळे एकदम काढायला गेलात तर एकही निघणार नाही. वऱ्हाडातल्या एका कापूसवाल्या गावात मी राहते, दुपारी पोरींना कुरआन शिकवते. त्यांच्या आया घ्यायला आल्या की ओट्यावर टेकतात आणि फिरून फिरून हाच सवाल निघतो, ‘आपा, नमाज चालू हाये, रोजे चालू हायेत, मंग मनातली आग कायले जात नाही?’ त्यांना जे सांगत आले तेच इथं लिहिते.

हा सवाल हलका नाही. सूरह शम्समध्ये अल्लाह सांगतो की ज्याने आपल्या नफ्सला, म्हणजे आपल्या मनाला, पाक केलं तो यशस्वी झाला, ज्याने मातीत घातलं तो बुडाला. सूरह शुअरामध्ये कयामतच्या दिवसाचं वर्णन आहे: माल कामाला येणार नाही, औलाद येणार नाही, कामाला येईल ते निर्मळ दिल. पैगंबर (स.) म्हणाले की शरीरात मांसाचा एक गोळा आहे, तो ठीक तर सारं शरीर ठीक, तो बिघडला तर सारं बिघडलं, तो गोळा म्हणजे दिल.

मग नमाज असूनही आग का राहते? मला असं दिसतं की गावात दिलाचा आजार कोणाच्या तरी नावावर असतो. जावेच्या, सासूच्या, धुऱ्याला धुरा (शेताचा बांध) लागून असलेल्या शेजाऱ्याच्या, बोअरला पाणी लागलेल्या चुलत दिराच्या. म्हणून इलाजही त्या नावापर्यंत पोचला पाहिजे. जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, हवाच, त्याशिवाय काही नाही. पण नुसती तसबीह फिरवायची आणि त्या माणसाशी वागणं होतं तसंच ठेवायचं, तर कुंदा वरून खुरपल्यासारखं होतं. आठ दिवसांत खालून परत फुटतो.

आपला ऐब ओळखायचा कसा? इमाम गझालींनी (1058–1111) चार वाटा सांगितल्या: जाणता उस्ताद, खरं बोलणारा दोस्त, दुश्मनाची जबान, आणि लोकांत मिसळताना दुसऱ्यात जे खटकतं ते स्वतःत तपासणं. गावात तिसरी वाट सगळ्यांना मोकळी आहे. नळावरच्या भांडणात ती बाई तुम्हाला काय काय बोलली ते राग उतरल्यावर आठवा. त्यातलं बरंचसं खोटं असेल. उरलेलं कागदावर लिहा आणि कोणाला दाखवू नका.

मी गीबतपासून सुरुवात करायला सांगते, कारण ती जिभेवर असते आणि पकडता येते. व्याख्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वचनात, साफ आहे: आपल्या भावाबद्दल त्याला आवडणार नाही असं बोलणं. ते त्याच्यात असेल तर गीबत, नसेल तर बोहतान, म्हणजे खोटा आळ. ‘खोटं थोडंच बोलते मी’ ही सबब तिथंच संपते. सूरह हुजुरातमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं म्हटलं आहे. कापसाच्या वेचणीत तर दिवसभर शेजारच्या तासातल्या (ओळीतल्या) बाईशी बोलणं चालूच असतं, म्हणून सकाळी तास धरतानाच कोणाच्या बाजूला उभं राहायचं ते ठरवा. नाव निघालं की लगेच बोंडअळीचं विचारा, मजुरीचं विचारा, तिच्या पोराच्या शाळेचं विचारा. उपदेश करू नका, त्याने ती चिडते आणि मग तुमचीच गीबत दुसऱ्या तासात सुरू होते.

एक सूट मात्र नीट समजून घ्या. कोणी स्थळाची चौकशी करायला आलं तर खरं सांगणं ही गीबत नाही. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोघांकडून मागणी आली होती, त्यांनी विचारल्यावर पैगंबर (स.) यांनी एक फार गरीब आहे आणि दुसऱ्याची काठी खांद्यावरून उतरत नाही, म्हणजे तो मारहाण करतो, असं स्पष्ट सांगितलं. दारू पिणाऱ्या पोराबद्दल ‘चांगलाच आहे’ म्हणून एखादीची मुलगी बुडवू नका. विचारलं तेवढंच सांगा आणि थांबा.

जी गीबत होऊन गेली तिचं काय? तौबा करा. ज्याच्याबद्दल बोललात त्याला सांगून माफी मागता येत असेल तर मागा. पण सांगितल्याने नवीनच भांडण पेटणार असेल तर अनेक उलमांचं (धर्माच्या जाणकारांचं) म्हणणं असं की त्याच्यासाठी दुआ करा आणि ज्या बैठकीत वाईट बोललात त्याच बैठकीत त्याचं चांगलं बोला.

हसद, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं पाहून जळणं, जास्त खोल. शेजारणीला एकरी दहा क्विंटल कापूस निघाला, तुम्हाला पाच, आणि तिच्या कपाशीला बोंडअळी लागावी असं मनात येऊन गेलं. नुसतं येऊन गेलं याची धास्ती घेऊ नका. मनातले विचार बोलण्यात किंवा करण्यात उतरत नाहीत तोवर अल्लाहने या उम्मतला, म्हणजे पैगंबरांना मानणाऱ्यांना, त्याची माफी दिली आहे, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. तो विचार पाळू नका एवढंच. उपाय असा: तिचं नाव घेऊन, ती समोर नसताना, तिच्या बरकतीसाठी दुआ करा. सहीह मुस्लिममध्ये आहे की अशा दुआवर फरिश्ता आमीन म्हणतो आणि म्हणतो, तुलाही तेवढंच मिळो. सुरुवातीला जीभ जड होईल. मन तयार होण्याची वाट पाहू नका, जीभ चालवा, मन मागून येतं. मग तिच्या घरी जा, मुबारक म्हणा, कोणतं बियाणं लावलं, पेरणी कधी केली ते विचारा. तिचं जावं असं वाटणं हसद. आपल्यालाही मिळावं असं वाटणं वेगळं.

तकब्बुर, म्हणजे घमेंड, तिच्याबद्दल थोडंच लिहिते. चांगले कपडे घालणं म्हणजे घमेंड नाही, हे पैगंबर (स.) यांनी विचारणाऱ्याला सांगितलं, सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं ही घमेंड. आपल्या शेतावर येणाऱ्या मजुराने चूक दाखवली की ती ऐकून घेता येते का, तिथं ती तपासा.

रिया, म्हणजे दिखावा, सध्या मोबाइलमुळे फार वाढली आहे. कुर्बानीचा बकरा आणला की स्टेटसला, विधवेला रेशन दिलं की स्टेटसला, तिच्या चेहऱ्यासकट. कृपा करून हे थांबवा. आठवड्यातून एक तरी नेक काम असं करा जे घरातल्यांनाही कळणार नाही. सूरह माऊनमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांच्या लगेच पुढे बारीकसारीक वापरायच्या वस्तू न देणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणून फवारणीचा पंप, शिडी, मोठं पातेलं मागायला कोणी आलं तर निमूट देऊन टाका. पण लोक काय म्हणतील या भीतीने चांगलं काम सोडूही नका. जुन्या काळचे संत फुदैल बिन इयाज यांनी लोकांसाठी अमल सोडण्यालाही रियाच म्हटलं आहे.

रात्री इशाच्या नमाजनंतर पाच मिनिटं काढा. आज कोणाचं नाव घेतलं, कोणाचं चांगलं ऐकून जळले, काय दाखवायला केलं, एवढं स्वतःला विचारा आणि इस्तिगफार करा, म्हणजे अल्लाहकडे माफी मागा. पैगंबर (स.) स्वतः दिवसातून सत्तरपेक्षा जास्त वेळा इस्तिगफार करत.

कीना, म्हणजे मनात धरून ठेवलेलं वैर, शेवटी घ्या, कारण त्यात बहुतेकदा खरा अन्याय झालेला असतो. धुरा कोरला गेला, भाऊबंदकीत हिस्सा दाबला. दिल साफ करणं म्हणजे हक सोडणं नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे. तालुक्याला भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज करा, पैसे भरा, खुणा गाडून घ्या. पण अबोला तीन दिवसांपुढे जायज नाही. सोमवारी आणि गुरुवारी जन्नतचे दरवाजे उघडतात, लोकांची माफी होते, आणि ज्या दोघांत वैर आहे त्यांच्याबद्दल हुकूम होतो की यांचा समेट होईपर्यंत थांबा. म्हणून मोजणीच्या दिवशीसुद्धा धुऱ्यावर आधी सलाम तुम्ही करा. त्याने तोंड फिरवलं तर घरी येऊन त्याचा हिशोब करत बसू नका. अबू दाऊदच्या संग्रहातल्या हदीसप्रमाणे सलाम करणारा अबोल्याच्या गुन्ह्यातून सुटला. जवाब न देणाऱ्याचं त्याच्याकडे.