तळ्याकाठी पायवाट करायची आहे? कुदळ मारण्याआधीची तयारी

पहिली फेरी भर पावसाळ्यात मारा. उद्यानातल्या तळ्याकाठी पायवाट करायची ठरली की आखणी बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये होते, कारण तेव्हा पाय न भिजवता सगळीकडे फिरता येतं. उन्हाळ्यात जी पट्टी कोरडी, सपाट आणि वाटेसाठी आयतीच वाटते, तीच ऑगस्टमध्ये घोटाभर पाण्यात असते. म्हणून जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी गमबूट घालून निघा आणि पाणी जिथवर चढलंय तिथे लाल रंग दिलेल्या बांबूच्या खुंट्या ठोका. ओहोळ कुठून उतरतो, पाणी कुठे नुसतं झिरपतं, हेही टिपून ठेवा. प्रत्येक खुंटीचा फोटो काढा, कारण हिवाळ्यापर्यंत निम्म्या खुंट्या सरपणात गेलेल्या असतात.

पावसाळा हुकला असेल तर मातीला आणि झाडोऱ्याला विचारा. वीत-दीड वीत खणल्यावर राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर तिथे दरवर्षी पाणी साचतं. आपल्याकडच्या काळ्या मातीत हा रंग ओळखणं अवघड जातं. तिथे लव्हाळा आणि पाणकणीस बघा. ते वाढलेत तिथवर तळं आहे असंच धरा.

आता रेघ ओढा, पण तळ्याला पूर्ण फेरी घालू नका. हा मोह सगळ्यांनाच होतो, फिरायला येणाऱ्यांनाही गोल वाटच हवी असते. मात्र चहूबाजूंनी माणसं चालू लागली की पाखरांना निवांत काठ उरत नाही. मुख्य वाट वरच्या कोरड्या अंगाने न्या आणि पाण्यापर्यंत एखाद-दुसराच फाटा काढा. समोरचा काठ मोकळा सोडा.

कागदपत्रंही याच टप्प्यावर काढा. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत होडीचा धक्का वगळता कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येत बसत नाहीत, आणि शहरातले कितीतरी तलाव असेच आहेत. तुमचा तलाव अशा वगळलेल्या तलावांत मोडत असला तरी ते अंतर पाळावं असं मला मनापासून वाटतं. बेडकांना आणि पाणकोंबड्यांना तलाव कुणी कशासाठी बांधला याच्याशी देणंघेणं नसतं.

ओल ओलांडावीच लागली तर भराव टाकू नका. एका बागेत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ओहोळावर मुरूम टाकून दाबला, खालून एकच अरुंद पाईप घातला, वर पेव्हर ब्लॉक बसवले. पहिल्याच पावसाळ्यात पाईप कचऱ्याने तुंबला. वरच्या अंगाला पाणी कुजत राहिलं, खालचा लव्हाळा दोन वर्षांत वाळून गेला आणि पावसाळी रात्री तिथे ऐकू येणारी बेडकांची हाक थांबली. अशा ठिकाणी खांबांवरची उचललेली वाट हवी. फळ्यांमध्ये फटी ठेवा म्हणजे खाली ऊन-पाऊस पोचेल. वाट फार रुंद आणि फार बुटकी केली तर तिच्याखालचं गवत मरतं. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटरचा घेर लागतो, तेवढी जागा टोकाच्या चौथऱ्यावर द्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांब हलवते, म्हणून खांब खालच्या मुरमापर्यंत गेलेच पाहिजेत.

ठेकेदाराशी बोलायच्या गोष्टी निविदेतच लिहा. जागेवर तोंडी सांगितलेलं मुकादमापर्यंत पोचत नाही. खुंट्यांच्या आत जेसीबी उतरणार नाही. त्याच्या वजनाने दबलेली माती पुढे पाणी मुरू देत नाही. ओलीत काम हाताने, खाली फळ्या टाकून. उकरलेली माती काठावर रचायची नाही. दुसऱ्या तलावावरून आलेली अवजारं आधी धुऊन घ्यायची, कारण जलपर्णीचा एवढासा तुकडाही पुरतो.

कामाचे महिने मोजकेच मिळतात. थापट्या बदकासारखे हिवाळी पाहुणे मार्चपर्यंत रेंगाळतात. पाऊस सुरू झाला की कमळपक्षी तरंगत्या पानांवर आणि जांभळी पाणकोंबडी पाणकणसात घरटं करते. म्हणजे उरतात एप्रिल-मे, आणि नेमकी तेव्हाच टिटवी उघड्या खडीत अंडी घालते. ती अंडी दगडांत मिसळून जातात. रोज सकाळी मुरूम पसरण्याआधी एकाने ती जागा चालून बघायची. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली की तेवढा तुकडा सोडून पुढचं काम धरायचं.

दिवे पाण्याकडे तोंड करून लावू नका. उद्यान रात्री बंद असेल तर लावूच नका. अंदाजपत्रकात दुसऱ्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे आत्ताच धरा. वाट झाल्यावरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जुने फोटो घेऊन तीच फेरी पुन्हा मारा. एखाद्या खुंटीच्या जागी पाणी पोचलं नसेल, तर वाटेने ते कुठे अडवलंय ते शोधा आणि तेवढा तुकडा उकरून मोकळा करा.