टकलासाठी डीएचटीरोधक लोशन वापरताना

आधी एक गैरसमज दूर करू. डोक्याला लावायचं औषध म्हणजे फक्त वरवरचं औषध, असं नाही. डीएचटी हे हार्मोन कमी करणारं फिनास्टेराइड हे औषध त्वचेवर लावलं तरी त्यातलं थोडं रक्तात उतरतंच. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२५ साली फार्मसीत मिश्रण करून बनवलेल्या अशा लोशन-स्प्रेबद्दल इशारा दिला, कारण वापरणाऱ्यांनी कामेच्छा घटणं, नैराश्य, चिंता असे त्रास कळवले होते. औषध घाबरून टाळावं असं मी म्हणत नाही. पण ते हार्मोनशी खेळणारं औषध आहे, हे विसरू नका.

पहिली पायरी निदानाची, आणि ती गाळू नका. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळू लागले, गोल चट्टे पडले, खाज किंवा खपल्या असल्या तर कारण वेगळं असू शकतं. आनुवंशिक टकलात कपाळाच्या कडा मागे सरतात, माथा विरळ होतो. स्त्रियांचा भांग रुंदावतो. तिथली केसांची मुळं डीएचटी या हार्मोनपुढे दबत जातात आणि दर वेळी आधीपेक्षा बारीक केस उगवतो. फिनास्टेराइड हे टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारं एन्झाइम अडवतं. क्लास्कोटेरॉन हे दुसरं औषध डीएचटीला मुळाशी जोडूच देत नाही. २०२० साली अमेरिकेत त्याचं १ टक्का क्रीम मंजूर झालं, ते मात्र मुरमांसाठी. मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधाचा मार्ग निराळा, ते हार्मोनला हात लावत नाही. तुम्हाला यातलं काय योग्य, हे त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या. टकलासाठी म्हणून ‘आरयू-५८८४१’ नावाची पावडर ऑनलाइन मिळते, पण ती औषध म्हणून कधीच मंजूर झालेली नाही. ती नको.

सुरू करण्याआधी फोटो काढा: समोरून, माथ्यावरून, दर वेळी त्याच उजेडात, केस कोरडे असताना. आरशातली आठवण फसवते.

लावताना डोकं पूर्ण कोरडं हवं. केस बाजूला सारून भांग पाडा आणि औषध थेट त्वचेवर सोडा. केसांवर पडलेलं वाया जातं. ठरवून दिलेलीच मात्रा घ्या. दुप्पट लावल्याने केस दुप्पट येत नाहीत, रक्तात जाणारं औषध तेवढं वाढतं. कपाळावर ओघळ आला तर लगेच पुसा. मग साबणाने हात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय उशीवर डोकं टेकू नका.

घरातल्यांची काळजी इथेच येते. फिनास्टेराइडमुळे पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो, म्हणून गर्भवतीने ओलं औषध, बाटली, तुमचा टॉवेल यांना हात लावू नये. मुलांनाही दूर ठेवा. लोशनमध्ये मिनॉक्सिडिल मिसळलेलं असेल तर ते मांजरांसाठी विषारी आहे. मांजराला तुमचं डोकं चाटू देऊ नका.

निकाल सहा महिन्यांआधी तपासू नका, नीट अंदाज यायला वर्ष लागतं. गळती थांबली, नवे केस आले नाहीत, तरी तो फायदाच. मध्येच मन उदास राहू लागलं, कामेच्छा घटली किंवा छातीत गाठ जाणवली, तर औषध बंद करून डॉक्टरांना गाठा. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी करायची असेल तर हे औषध चालू असल्याचं आवर्जून सांगा. फिनास्टेराइडने तो आकडा खाली येऊ शकतो. आणि औषध सोडलं, की वाचवलेले केस पुढच्या काही महिन्यांत पुन्हा विरळ होऊ लागतात, हे ठाऊक असूनच सुरुवात करा.