कार्बन मोनॉक्साइडच्या अवरक्त रेषा सुट्या कशा मिळवाव्यात

उच्च विभेदनाच्या, म्हणजे जवळजवळच्या रेषाही वेगळ्या दाखवणाऱ्या, अवरक्त वर्णपटमापनाचा श्रीगणेशा कार्बन मोनॉक्साइडने करावा. या रेणूत दोनच अणू असल्याने २१४३ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येभोवती एकच मूलभूत पट्टा मिळतो आणि त्यातील रेषा साधारण ३.८ प्रति सेंटिमीटर अंतराने सुट्या दिसतात. वायू विषारी असून त्याला रंग वा गंध नसतो. म्हणून सिलिंडर फ्यूम हुडमध्ये ठेवून आणि गॅस अलार्म चालू असल्याची खात्री करूनच कामाला लागावे.

मुंबईत आधी गॅस सेलच्या, म्हणजे ज्यात वायू भरून त्यातून प्रकाश सोडतात त्या नळीच्या, खिडक्या तपासाव्यात. पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या जुलैच्या दमट हवेत उघड्या राहिल्या तर पाहता पाहता दुधाळ होतात, आणि या पट्ट्यासाठी त्यांची गरजही नाही. कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या पुरतात. इंडियम अँटिमोनाइडच्या डिटेक्टरमध्ये द्रवरूप नायट्रोजन भरताना तोंडाशी हवेतले बाष्प गोठून पांढरा थर जमतो. तो कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय पुढचा नायट्रोजन ओतू नये, कारण आत गेलेल्या बर्फाच्या कणांमुळे नायट्रोजन खदखदत राहतो आणि ती थरथर नॉइज म्हणून वर्णपटात उतरते.

यंत्र किती महागडे आहे याची चर्चा फार होते. माझ्या मते त्याहून अधिक लक्ष सेलमधील दाबाकडे द्यावे. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या गतीमुळे येणारी, म्हणजे डॉप्लर, रुंदी या पट्ट्यात सुमारे ०.००५ प्रति सेंटिमीटर असते, तर वातावरणीय दाबाला रेणूंच्या टकरींमुळे रेषा सुमारे ०.१३ पर्यंत पसरते. तेव्हा दाब जास्त ठेवून दोन मीटर पथफरकाचे (प्रकाशाच्या दोन वाटांच्या लांबीत तितका फरक करून अतिशय बारीक रेषा दाखवणारे) यंत्र वापरणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. दहा सेंटिमीटर लांबीच्या सेलमध्ये ०.०५ मिलिबार वायू पुरेसा असतो. ठळक रेषांच्या मध्याशी त्याने निम्म्याहून अधिक प्रकाश शोषला जातो. एक मिलिबार भरल्यास तोच मध्य पूर्ण काळोखा होतो.

महाविद्यालयातील ०.५ प्रति सेंटिमीटर विभेदनाच्या यंत्रावरही रेषा सुट्या दिसतात, परंतु त्यांची खोली फसवी असते. मध्याशी प्रकाश शून्यावर आलेली रेषासुद्धा तेथे उथळ खळगा म्हणून उमटते, म्हणून अशा शिखरांच्या उंचीवरून वायूचे प्रमाण काढू नये.

यंत्राचा प्रकाशमार्ग व्हॅक्यूम पंपाने रिकामा करावा. खोलीतील एक मीटर हवासुद्धा २३४९ च्या परिसरातील कार्बन डायऑक्साइडच्या ठळक रेषांशी प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवते. निर्वात केल्यावरही त्यांपैकी काही रेषा बारीक स्वरूपात उरतात, आणि त्या उपयोगीच पडतात: हायट्रान या आंतरराष्ट्रीय माहितीसंग्रहातील आकड्यांशी त्यांची तुलना करून एक गुणक काढावा व त्याने संपूर्ण तरंगसंख्या-अक्ष दुरुस्त करावा. प्रकाशछिद्र लहान ठेवावे. मोठ्या छिद्राने संकेत वाढतो, पण रेषा रुंदावतात व सरकतात. इमारत रेल्वेमार्गालगत असल्यास लांबलचक स्कॅन रात्री लोकल बंद झाल्यावर लावलेले बरे.

आता मोजणी. पट्ट्याच्या मध्याशी एक रिकामी फट दिसते. तिच्या वरच्या बाजूची पहिली रेषा आर(०), खालच्या बाजूची पहिली पी(१). कंसातील आकडा रेणूच्या परिवलनाच्या, म्हणजे फिरण्याच्या, सुरुवातीच्या पातळीचा; आर रेषेत ती पातळी एकाने वाढते, पी रेषेत एकाने घटते. आर(०) २१४७.०८१ वर आणि पी(२) २१३५.५४६ वर मिळते. दोन्ही रेषा एकाच वरच्या पातळीवर पोहोचत असल्याने त्यांतील ११.५३५ हा फरक केवळ खालच्या कंपनावस्थेचा असतो. पातळी ० आणि २ यांतील अंतर परिवलन स्थिरांकाच्या सहापट असते, म्हणून त्याला ६ ने भागल्यास हा स्थिरांक १.९२२५ येतो आणि त्यावरून बंधाची लांबी सुमारे १.१३ अँगस्ट्रॉम मिळते. आर(१) आणि पी(१) यांची सुरुवातीची पातळी एकच असल्याने त्यांच्या ११.४३० या फरकावरून वरच्या अवस्थेचा १.९०५० हा स्थिरांक निघतो. कंपन वाढले की बंध सरासरीने ताणला जातो, हे या दोन आकड्यांच्या तफावतीतच दिसते.

कार्बन-१३ असलेल्या रेणूंचा पट्टा २०९६ च्या आसपास असतो. त्यांचे नैसर्गिक प्रमाण जेमतेम १.१ टक्का असल्याने त्यासाठी दाब काही मिलिबारपर्यंत वाढवून वेगळा स्कॅन घ्यावा आणि त्यातील मुख्य पट्ट्याच्या ठळक, संपृक्त (मध्याशी पूर्ण काळोख्या झालेल्या) रेषा मोजणीतून वगळाव्यात.