पुण्याजवळ शेतजमीन ऑनलाइन शोधताना या चुका टाळा

'निसर्गरम्य शेतजमीन, चांदणी चौकापासून ४० मिनिटे' अशी पौड, पानशेत किंवा कामशेतकडची जाहिरात मोबाइलवर दिसली की बहुतेक जण आधी छायाचित्रे पाहतात, मग गुंठ्याचा भाव विचारतात, आणि गट क्रमांक (महसुली नोंदीतला जमिनीचा क्रमांक) मात्र जागा पाहून आल्यावर, तोही संकोचत विचारतात. क्रम नेमका उलटा हवा. 'आधी साइटवर या, कागद ऑफिसात दाखवतो' असे म्हणणाऱ्यासाठी रविवारचे पेट्रोल जाळू नये. गाव, तालुका आणि गट क्रमांक हातात आले तर निम्मी तपासणी घरबसल्या होते.

गट क्रमांक टाकूनही महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सातबारा उतारा सापडत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. कारण बहुधा साधे असते: जाहिरातीतला क्रमांक एकत्रीकरण योजनेपूर्वीचा (विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडण्याआधीचा) जुना सर्व्हे क्रमांक असतो, एकाच नावाचे गाव दोन तालुक्यांत असते, किंवा वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाल्याचे लक्षात राहिलेले नसते. '१२३/२/अ' असे पूर्ण न लिहिता फक्त १२३ टाकावे आणि येणाऱ्या यादीतून हिस्सा निवडावा. तेथे मोफत दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. व्यवहाराचा विचार असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून स्वतःच काढावा.

हा स्वतः काढण्याचा आग्रह अनुभवातून आलेला आहे. माझ्या मेहुण्यांना मुळशीतील ११ गुंठे पसंत पडले होते आणि दलालाने व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटोही पाठवला होता. त्यावर भोगवटादार म्हणून दोन भावांची नावे होती. आम्ही स्वतः उतारा काढला, तेव्हा त्याच रकान्यात खाली आणखी दोन बहिणींची नावे निघाली आणि क्षेत्र सगळ्यांचे सामाईक. फोटोची खालची कडा कापलेली होती. 'बहिणींचे काही म्हणणे नाही' असे उत्तर मिळाले, परंतु नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोणाकडेच नव्हते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच असल्याचे हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे, त्यामुळे अशा तोंडी आश्वासनावर विसारपावती करणे म्हणजे दावा विकत घेणे होय. शिवाय सामाईक गटातले ११ गुंठे नेमके कोठले, हे मोजणी झाल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. 'तुकडेबंदी आता उठली', म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकण्यावरची बंदी गेली, असेही ऐकवले जाते. २०२५ मधील बदल आपल्या गटाला लागू होतात की नाही, याबाबत वकिलाचे लेखी मत घ्यावे.

क्षेत्र वाचताना आर आणि गुंठा यांची गल्लत होते. उताऱ्यावरील ०.४०.०० म्हणजे ४० आर, अर्थात ४,००० चौरस मीटर, म्हणजेच सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे. त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, किती आहे, ते वेगळे पाहावे. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, पुनर्वसनाची अट असे काही असेल, किंवा भूधारणा 'भोगवटादार वर्ग २' (हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली) असेल, तर परवानगीशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.

खरेदीदार स्वतः शेतकरी आहे की नाही, हा प्रश्न तर अनेकांना शेवटी सुचतो. महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'शेतकरी दाखला करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. नियमाविरुद्ध झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. शेतकरी नसणाऱ्यांनी सरळ बिगरशेती प्लॉट शोधावा आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठा असल्यास महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक तपासावा.

राहिला रस्ता. उपग्रहचित्रात जमिनीपर्यंत गेलेली पांढरी वाट दिसते आणि खरेदीदार निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ती पीक निघाल्यावर शेजाऱ्याच्या शेतातून ट्रॅक्टर गेल्याची खूण असू शकते. गाव नकाशावर तेथे शिवरस्ता (गावाच्या हद्दीवरचा रस्ता) किंवा पाणंद (शेतांकडे जाणारी सार्वजनिक वाट) दाखवलेली आहे का, ते पाहावे. नसल्यास शेजाऱ्याचे नोंदणीकृत संमतिपत्र मागावे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मात्र तो मार्ग खरेदीनंतरच्या कटकटीचा आहे. एप्रिलमध्ये पसंत केलेली जागा जुलैत, भाताच्या आवणीच्या दिवसांत, पुन्हा एकदा पाहून यावी आणि गाडी कोठे थांबवावी लागली, तेथपासून जमिनीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे.